मिनी २ च्या गिंबलची दुरुस्ती : पुण्यातील एका दोन माणसांच्या दुकानाचा अनुभव

डीजेआय मिनी २ या माझ्या ड्रोनचे गिंबल, म्हणजे कॅमेरा तोलून स्थिर धरणारी यंत्रणा, अपघातानंतर पुण्यात दुरुस्त करून घेतले, त्याला आता चार महिने होत आले. ड्रोन हातात आल्याच्या आठवड्यातच हा अभिप्राय लिहिला असता तर तो निव्वळ कौतुकाचा झाला असता. मधल्या काळात पावसाळ्यामुळे उड्डाणे कमी झाली असली तरी तीसेक वेळा ड्रोन वर गेले आहे, आणि त्या दुरुस्तीतले काय टिकले व काय अर्धवट राहिले हे आता खात्रीने सांगता येते. दुकानाचे नाव मात्र देत नाही. मालकांनी स्वतःच तशी विनंती केली होती. दोघेच जण काम करतात, टेबलावर आधीच वीस-बावीस ड्रोन उघडून पडलेले असतात आणि आणखी गर्दी झाली तर आहे त्या कामाची घाई होईल, असे त्यांचे म्हणणे होते. तपकीर गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे, इतके सांगितले तरी पुरे.

अपघात साधाच होता आणि चूक सर्वस्वी माझी होती. मार्चच्या अखेरीस तासगाव तालुक्यात मामेभावाच्या बेदाणा शेडचे चित्रण करत होतो. शेडपासून मागे मागे जात संपूर्ण बाग दृश्यात आणायची, असा तो शॉट होता. मिनी २ ला फक्त खालच्या बाजूला सेन्सर आहेत. समोर, मागे किंवा बाजूला काय आहे हे त्याला दिसत नाही. शेडचा खांब ताणून धरणारी तार मागे होती आणि ती मलाही दिसली नाही. जेमतेम तीन मीटर उंचीवरून ड्रोन नाकावर पडले, तेही नुकत्याच नांगरलेल्या काळ्या रानात. पंखांची दोन पाती गेली, सांगाड्याला काहीही झाले नाही, पण कॅमेरा मान मोडलेल्या पाखरासारखा एका बाजूला लोंबत होता.

बॅटरी लावून चालू केल्यावर जे दिसले ते सांगणे महत्त्वाचे आहे, कारण पुढचे सगळे निदान त्यावरच अवलंबून होते. धडधाकट गिंबल ड्रोन चालू होताच एक ठरलेली कसरत करते: डावीकडे, उजवीकडे, खाली, वर पाहून ते मधोमध स्थिर होते. माझ्या गिंबलने दोनदा थरथरून डोके वर उचलले, क्षितिज सरळ केले, आणि मी चकती फिरवून कॅमेरा खाली वळवू लागताच अर्ध्या वाटेत अचानक मान टाकली. पडद्यावर गिंबलच्या मोटरवर जादा भार आल्याची सूचना आली. चित्र मात्र एकदाही गेले नाही. लोंबत्या अवस्थेतही कॅमेरा मातीचे स्वच्छ चित्र दाखवत होता.

आधी हे ड्रोन जवळच्या शहरातल्या एका दुकानात दिले. त्यांनी ते न उघडताच कॅमेऱ्यासह पूर्ण गिंबल बदलावे लागेल, खर्च एकवीस हजार रुपये, असे सांगितले. आठ दिवसांनी सुटा भाग उपलब्ध नाही म्हणून ड्रोन परत दिले, तेही लोंबता कॅमेरा सांगाड्याला सेलोटेपने आवळून. त्या दुकानाचेही नाव घेत नाही, पण एक गोष्ट इतरांच्या उपयोगाची म्हणून नोंदवतो. तुटलेले गिंबल असे घट्ट आवळू नये, कारण त्याच्या सांध्यांतून जाणारी कागदासारखी पातळ रिबन ओढली जाते आणि अर्धी फाटलेली असेल तर पुरती फाटते. मऊ फोमचा तुकडा कॅमेऱ्याखाली अलगद ठेवावा, बॅटरी काढून वेगळी बांधावी आणि शक्य असेल तर ड्रोन स्वतःच्या हाताने न्यावे. मी ते एसटीने, मांडीवर ठेवून पुण्याला नेले.

नवीन ड्रोन घेण्याचा विचार मनात आला नाही असे नाही. परंतु फेब्रुवारी २०२२ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, आणि संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांसाठीचे अपवाद सोडले तर तयार ड्रोन किंवा जोडणीसाठी सुटे केलेले संच सरळ मार्गाने आणता येत नाहीत. सुट्या भागांची आयात मात्र त्याच अधिसूचनेने मोकळी ठेवली. ज्यांच्याकडे बंदीआधीचे ड्रोन आहे त्यांना ते जपणे आणि दुरुस्त करत राहणे हाच सोयीचा मार्ग उरला, आणि अशी लहान दुकाने चालतात ती त्यामुळेच.

पुण्याच्या दुकानात काउंटर नावाचा प्रकार नाही. एक लांब टेबल, त्यावर निळा रबरी मॅट, दोन सूक्ष्मदर्शक, आणि भिंतीवर गोळ्यांच्या डब्यांसारखे कप्पे असलेल्या पेट्या, ज्यांत स्क्रू मॉडेलनुसार लावून ठेवलेले. मालक पूर्वी मोबाईल दुरुस्त करायचे. त्यांनी माझी हकीगत शेवटपर्यंत ऐकली, आणि विशेषतः 'कॅमेरा खाली वळवताना मान टाकली' हे वाक्य मला दुसऱ्यांदा सांगायला लावले. मग बॅटरी न लावता गिंबल तिन्ही अक्षांवर बोटाने हळूच फिरवून पाहिले आणि मला म्हणाले, "दादा, तुम्हीही फिरवून बघा. रोलला काही वाटतंय का?" रोल म्हणजे कॅमेरा डाव्या-उजव्या अंगावर कलतो तो अक्ष. खरोखर, तो फिरवताना बोटाला बारीक वाळू दळल्यासारखे जाणवत होते.

"गिंबल मेलेलं नाही, त्याची नस तुटलीय आणि सांध्यात माती शिरलीय," एवढेच त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितले. तपासणीचे तीनशे रुपये घेतले, पुढे दुरुस्ती केल्यास ते बिलातून वजा होतील असे स्पष्ट केले, आणि प्रत्यक्ष उघडल्याशिवाय अंतिम आकडा सांगायला नकार दिला. न उघडता एकवीस हजार सांगणाऱ्या दुकानानंतर हा नकार मला फार आश्वासक वाटला.

गिंबल उघडताना त्यांनी मला शेजारी बसू दिले. या कॅमेऱ्याला तीन छोट्या ब्रशलेस मोटरी तोलून धरतात: एक डावी-उजवीकडे वळवणारी, एक क्षितिज सरळ ठेवणारी आणि एक वर-खाली पाहणारी. कॅमेरा किती कलला आहे हे त्याच्याजवळचा जडत्वमापक सतत सांगत असतो, प्रत्येक मोटर नेमकी किती फिरली आहे हे चुंबकीय सेन्सर सांगतात, आणि त्या दोन माहितींच्या आधारे मोटरी ड्रोनच्या प्रत्येक हेलकाव्याच्या उलट दिशेने हलत राहतात. मोटरींची वीज व सेन्सरांचे संकेत एका चपट्या रिबनमधून जातात, तर चित्र केसाइतक्या बारीक तारांच्या वेगळ्या जुडग्यातून. माझे चित्र कधीच गेले नव्हते म्हणजे तारांचे जुडगे शाबूत होते. मोटर सोडून देत होती म्हणजे दोष रिबनमध्ये किंवा मोटरमध्ये होता. मल्टिमीटर लावून त्यांनी मोटरच्या तिन्ही टोकांच्या जोड्या मोजल्या. तिन्हींचा रोध सारखा आला, त्यामुळे मोटरीचे वेटोळे जळलेले नाही हेही ठरले. कॅमेरा बदलण्याचे कारणच उरले नाही.

मग रिबन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. नुसत्या डोळ्यांना ती अखंड दिसत होती. भिंगाखाली, जिथे ती सांध्यापाशी दुमडते त्या घडीवर, तांब्याच्या दोन रेषांवर आडवी भेग होती. रिबन सरळ असताना भेगेची दोन्ही तोंडे एकमेकांना टेकायची आणि वीज वाहायची. कॅमेरा खाली वळला की घडी उघडायची, तोंडे सुटायची आणि मोटर निर्जीव व्हायची. गिंबलने अर्ध्या वाटेत मान का टाकली याचे इतके सरळ उत्तर समोर दिसत असताना पहिल्या दुकानातले आठ दिवस आठवून चीड आल्यावाचून राहिली नाही.

दुसरा दोष आमच्या मातीचा होता. दख्खनच्या बेसाल्ट खडकात लोहयुक्त, चुंबकाला चिकटणारी खनिजे असतात आणि त्या खडकापासून झालेल्या काळ्या मातीतही ती उतरतात. लहानपणी चुंबक मातीत फिरवून त्याला काळी लव फुटलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. गिंबलच्या मोटरीत चुंबकच असतात. रोल मोटरच्या फटीत तशीच काळी लव बसली होती आणि सांधा फिरताना ती घासत होती. ब्रशने ती निघत नाही, एका बाजूची दुसऱ्या बाजूला सरकते, आणि हवेच्या फवाऱ्याने अधिकच आत जाते. मालकांनी पोस्टर चिकटवायला स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती निळी चिकट पुट्टी घेतली, तिची काडीपेटीच्या काडीएवढी बारीक वळी केली आणि चुंबकांवर दाबून दाबून एकेक कण उचलला. या एका कामाला पाऊण तास लागला. वळी काळी झाली की नवी घ्यायची. मी मोजल्या त्या अकरा झाल्या. त्यानंतर तोच सांधा बोटाने फिरवून पाहिला तेव्हा लोणी कापल्यासारखा फिरत होता.

तिसरा दोष होता रोल अक्षाच्या दांडीला आलेल्या किंचित बाकाचा. ती पकडीने सरळ करता येणार नाही का, असे मी विचारले. करता येते, बरेच जण करतातही, पण एकदा वाकलेली दांडी पुन्हा मूळ कोनात येत नाही आणि पुढच्या धक्क्याला तिथेच वाकते, असे सांगून त्यांनी ती बदलण्याचाच आग्रह धरला. नवी दांडी हाताशी नव्हती. भंगारात काढलेल्या दुसऱ्या एका मिनीमधली चांगली दांडी बसवतो, ती जुनी आहे हे बिलावर लिहून देतो, असे ते म्हणाले, आणि तसे लिहून दिलेही. मॅव्हिक मिनी, मिनी २ आणि मिनी एसई यांच्या गिंबलचे बरेचसे बाहेरचे भाग एकमेकांना चालतात, त्यामुळे अशी सोय होते. कॅमेरा मात्र चालत नाही, कारण पहिल्या मॅव्हिक मिनीचा कॅमेरा २.७के चा आणि मिनी २ चा ४के चा आहे.

रिबन बसवण्याचे काम बाहेरून वाटते तितके सोपे नाही, आणि या दुकानाचे खरे कसब मला तिथेच दिसले. रिबन घड्या घालून सांध्यांभोवती वळवायची असते. वळसा आवळ राहिला तर कॅमेरा हलवताना मोटरला रिबनच्या ताणाशीही झुंजावे लागते. सैल राहिला तर ती शेजारच्या दांडीला घासते आणि काही महिन्यांत पुन्हा चिरते. पहिल्यांदा बसवल्यावर कॅमेरा पूर्ण खाली वळवताना रिबन मिलिमीटरभर ताणली जात होती. मला ते सांगितल्याशिवाय कळलेही नसते. त्यांनी ती काढून पुन्हा बसवली. जागेवरून निसटलेला एक रबरी डॅम्परही चिमट्याने ओढून भोकात बसवला. तो तसाच राहिला असता तर पंखांची थरथर थेट कॅमेऱ्यात येऊन चित्र जेलीसारखे लदलदले असते.

इथवरच्या कामाला मी दहापैकी दहा गुण देईन. गुण कापावेत असे प्रश्न पुढे आहेत.

पहिला प्रश्न कॅलिब्रेशनचा, म्हणजे गिंबलची मोजमापे नव्याने जुळवण्याचा. रिबन बदलली तर ॲपमधले गिंबलचे ऑटो कॅलिब्रेशन बहुधा पुरते: ड्रोन सपाट जागी ठेवायचे, बटण दाबायचे आणि शंभर टक्के होईपर्यंत हात लावायचा नाही. परंतु दांडी किंवा मोटर बदलली की चुंबक आणि सेन्सर यांचे एकमेकांशी असलेले मूळ नाते बदलते, आणि ते नव्याने जुळवण्याची सोय ॲपमध्ये नाही. त्यासाठी कंपनीच्या सेवाकेंद्रात वापरले जाणारे सॉफ्टवेअर सर्वसामान्यांना मिळत नाही. हौशी प्रोग्रामरांनी बनवलेली काही मुक्त स्रोत साधने आहेत, ती संगणकावर आज्ञा टाइप करून चालवावी लागतात आणि प्रत्येक मॉडेलवर सारखी चालत नाहीत. या दुकानाने ती वापरली, पण निकाल शंभर टक्के आला नाही. आजही ड्रोन जोरात डावीकडे वळवले की क्षितिज अंदाजे एक अंश कलते आणि दोन-तीन सेकंदांनी पुन्हा सरळ होते. उजवीकडे वळताना असे होत नाही. ड्रोन ताब्यात देताना मालकांनी हा दोष स्वतः दाखवला होता, लपवला नाही, हे खरे. पण 'एवढं चालतं, कुणाला दिसत नाही' हे त्यांचे वाक्य मला पटले नाही. द्राक्षबागेच्या सरळ ओळींवरून उडताना एक अंशही दिसतो. एडिटिंगमध्ये चित्र एक अंश फिरवून तो झाकता येतो, त्यासाठी सोळा-नऊ प्रमाणाची चौकट सुमारे तीन टक्के मोठी करावी लागते, आणि ४के चित्रणात इतके नुकसान सोसता येते. तरीही प्रत्येक वळणावर हे करत बसणे कंटाळवाणे आहे. लग्नाचे काम करणाऱ्या व्यावसायिकाने हा धोका आधीच विचारात घ्यावा.

दुसरा प्रश्न वेळेचा. चार दिवस सांगून अकरा दिवस लावले. रिबन दिल्लीहून यायची होती, पहिली आलेली सदोष निघाली, हे कारण मला मान्य आहे. पण मी फोन केल्याशिवाय एकदाही कळवले नाही, आणि फोनही तिसऱ्या-चौथ्या खेपेला उचलला जायचा. हातात पान्हा असताना फोन घेता येत नाही हे समजते, मात्र संध्याकाळी एक व्हॉट्सॲप संदेश टाकायला वेळ लागत नाही. मी दोनदा सांगलीहून पुण्याला जाण्याची तयारी करून थांबलो.

खर्चाबद्दल तक्रार नाही. रिबनचे नऊशे, जुन्या दांडीचे बाराशे आणि मजुरीचे बावीसशे, असे एकूण चार हजार तीनशे रुपये झाले. आधी दिलेले तीनशे त्यातून वजा केले. काढलेली रिबन आणि वाकडी दांडी मागितल्याशिवाय एका छोट्या पिशवीत घालून परत दिली, जी गोष्ट आपल्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानांत विरळाच घडते. रिबनवर एक महिन्याची हमी आहे, दांडीवर व कॅलिब्रेशनवर नाही. ही हमी तोकडी वाटते. रिबनचा वळसा चुकला असेल तर तो दोष महिन्याभरात दिसेलच असे नाही, त्यामुळे निदान तीन महिने असायला हरकत नव्हती. माझी रिबन चौथ्या महिन्यात सुरक्षित आहे, हे दुकानाच्या बाजूने नमूद करतो.

ड्रोन ताब्यात देण्याआधी चाचणी कशी घेतली हेही सांगण्यासारखे आहे. टेबलावर, पंख काढून, त्यांनी ड्रोन हातात धरले आणि कॅमेरा दाराच्या चौकटीवर रोखून ते डावी-उजवीकडे, पुढे-मागे कलवले. पडद्यावर चौकट स्थिर राहते का हे मला पाहायला सांगितले. मग कॅमेरा सरळ खाली वळवून पन्नास वेळा वर-खाली करवला, कारण रिबनची परीक्षा तिथेच होते. प्रत्यक्ष उड्डाण मात्र केले नाही. शहराच्या त्या भागात उडवण्याची परवानगी नाही आणि आम्ही ते करणारही नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले, ते योग्यच होते. उड्डाणाची चाचणी मी गावाकडे मोकळ्या माळावर घेतली. एका जागी स्थिर ठेवून पूर्ण गिरकी, मग पुढे-मागे, मग कॅमेरा खाली ठेवून वर चढणे, या क्रमाने पाहिले तर कोणता अक्ष अजून दुखतो आहे ते लवकर कळते. स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे सर्वाधिक वेगाच्या सेटिंगवर, ड्रोन इतके पुढे झुकते की पंख चौकटीत डोकावतात. तो दुरुस्तीतला दोष नव्हे, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनही करून पाहिले. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन नॅनो गटात मोडते, आणि मिनी २ ची सगळी गंमतच २४९ ग्रॅमच्या आत राहण्यात आहे. वजन वाढलेले नव्हते.

निघताना मालकांनी माझ्या पेटीतल्या, कॅमेऱ्यापुढे लावायच्या काचेच्या फिल्टरकडे बोट दाखवले. बाजारात घेतलेला, जाड कडेचा, कंपनीच्या मापापेक्षा जड. मोटरी मूळ कॅमेऱ्याच्या वजनालाच तोलून बसवलेल्या असतात, पुढे असे ओझे लटकवले की त्या सतत ताणाखाली राहतात, असे ते म्हणाले आणि तो पुन्हा न लावण्याचे मला कबूल करायला लावले. फिल्टर आता मामेभावाच्या मुलाकडे खेळायला आहे. दिवाळीनंतर छाटणीचे चित्रण करायचे आहे. त्याआधी त्या एका अंशासाठी ड्रोन पुन्हा पुण्याला न्यायचे ठरवले आहे, आणि या वेळी चार दिवस सांगितले तर मी मनात बारा धरणार आहे.